उलट्या पिळाची तार

तलवार म्हटली की माणसं पात्याकडं बघतात. आमच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जण आधी धार बघायला बोट पुढं करायचा आणि धार नाही असं कळलं की हिरमुसायचा. परेडच्या तलवारीला धार नसते. ती सलामी द्यायला असते. वर्षभर पेटीत, आणि वर्षातून दोन-चार सकाळी साहेबाच्या कमरेला. मी तिथं सात-आठ वर्षं काम केलं, पण पात्याशी माझा संबंध नव्हता. माझं काम मुठीचं. मुठीवर तार गुंडाळायची.

शेड हैदराबादच्या अंबरपेठेत होती, आतल्या गल्लीत, शेडचे मालक उस्ताद यांच्या घरामागच्या आवारात. वर पत्रे, एका बाजूला पेरूचं झाड. पाती बाहेरून यायची, आमच्याकडं ती घासली जायची, त्यांच्यावर तेजाबानं वेलबुट्टी आणि राजमुद्रा उठवली जायची. मुठीवरची पितळी परज, म्हणजे हात झाकणारी जाळी, ओतून यायची, तिला चांदीचं पाणी चढायचं. म्यानाचं कातडं शिवायला एक तेलुगू बाई होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. मुठीचं लाकूड उस्ताद स्वतः घडवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात ते लाकूड द्यायचे नाहीत.

मी तिथं पोचले ती एका पार्सलमुळं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. आई गेली आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न होऊन बीडकडच्या डोंगरातून थेट हैदराबादेत आले. दोन एसट्या बदलून, मग रात्रभर गाडी. आमचे हे नल्लकुंट्यातल्या एका आपल्याच मराठी धान्यवाल्याकडं टेम्पो चालवायचे. एकदा उस्तादांच्या पेट्या त्यांच्या टेम्पोत चढवायच्या होत्या, मी डबा घेऊन गेले होते. एका पेटीची सुतळी निसटत होती. मी ती सोडली, पीळ भरून परत बांधली. उस्ताद बघत होते. म्हणाले, "ये गांठ किन्ने सिखाए बेटी?"

"आबांनी," मी म्हणाले. हिंदी तेव्हा धड यायची नाही.

"कल से आओ," ते म्हणाले. "हाथ रस्सी का है तुम्हारा."

हात दोरीचा होता हे खरंच. आमचे आबा शेतकरी, पण गावात त्यांची ओळख दोरखंडासाठी. बैलाचं दावं, कासरा, पाळण्याची दोरी, सगळं त्यांच्याकडून न्यायचे लोक. अंबाडी ओढ्यात भिजत घालायची, कुजली की सोलून वाख काढायचा, मग अंगणात ढेरा फिरवत बसायचं. ढेरा म्हणजे दोन लाकडं आडवी ठोकलेली भिंगरी, तिनं वाखाला पीळ बसतो. आई गेल्यावर संध्याकाळी आबा वाख पुरवायचे आणि मी ढेरा फिरवायची. आम्ही बोलायचो कमी. कुजलेल्या अंबाडीच्या पाण्याचा वास इतका घाण असतो की पाहुणे नाक धरायचे. हैदराबादेत आल्यावर पहिली दोन वर्षं मला त्या वासाची आठवण येऊन भरून यायचं. कुणाला सांगणार? कोपऱ्यावरच्या नाल्याला थोडासा तसा वास यायचा, तर मी तिथून हळू चालायची.

मुठीचं काम सुरुवातीला मला किळसवाणं वाटलं. चांगल्या मुठीला लाकडावर माशाचं कातडं चढवतात. खरखरीत असतं, हात निसटत नाही. आमच्या घरात माळ, मासा कधी चुलीपर्यंत आला नाही. मी पदरानं कातडं उचलायला गेले तर अक्का हसली. "पकाने को नहीं बोल रहे अम्मा, लपेटने को बोल रहे." पुढं त्याची सवय झाली. नंतर तर ते कातडं मिळेनासं झालं आणि बाजारात तसा ठसा उमटवलेलं रेक्झिन आलं, तेव्हा मला उगीच वाईट वाटलं.

त्या काळात सगळंच नवं येत होतं. अंबरपेठेच्या प्रत्येक चौकात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला, गल्लीतून केबलच्या काळ्या वायरी गेल्या, बाहेरचं चकचकीत पोलाद कुणालाही मिळायला लागलं. बंगल्यात टांगायच्या तलवारी बनवणारे कितीतरी जण उगवले. उस्तादांचा मुलगा म्हणायचा, "अब्बा, हॉटेलां के वास्ते बनाओ, कोई नापता भी नहीं." उस्ताद म्हणायचे, "इसी वास्ते नहीं बनाता."

आमच्या तलवारी मापल्या जायच्या. सरकारी ऑर्डरीबरोबर एक नमुना यायचा. कापडात गुंडाळलेली एक तलवार, तिच्या परजेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि गाठीवर लाखेचा शिक्का. लांबी, वजन, पात्याचा बाक, परजेच्या जाळीत किती पाकळ्या, सगळं त्या नमुन्यासारखं. मुठीवरची तारसुद्धा. ती तार एक नसते, तीन असतात. मधे एक जाड, दोन्ही बाजूंना दोन बारीक. प्रत्येक तार दोन पदरांची, पीळ दिलेली. आणि खुबी अशी की दोन बारीक तारांचे पीळ एकमेकांच्या उलट. एकीचा पीळ उजवा, दुसरीचा डावा. तिन्ही शेजारी शेजारी बसल्या की मधल्या तारेच्या दोन्ही अंगांना ज्वारीच्या कणसासारखी तिरकी ओळ उमटते. शोभा तर येतेच, पण घामेजलेला हात दोन्ही बाजूंनी अडतो.

पीळ द्यायचं काम उस्ताद स्वतः करायचे. तारेचं एक टोक खिळ्याला, दुसरं हातानं फिरवायच्या ड्रिलमध्ये. दांडा पुढं फिरवला की सुलटा, म्हणजे उजवा पीळ, मागं फिरवला की उलटा, डावा. ते मला तीन रिळं आणून द्यायचे आणि मी फक्त गुंडाळायची. पाच वर्षं असंच चाललं. "कब्ज़ा हाथ में रहता बेटी, पत्ता तो हवा में," असं ते म्हणायचे. मुठीला ते कब्ज़ा म्हणत, पात्याला पत्ता.

सहाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी झालं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मी समोर बसायची, मला दिसायचं. सुईत दोरा ओवताना ते दोन-तीनदा चुकायचे. चहाचा कप ठेवताना आधी बोटानं टेबलाची कड शोधायचे. आणि चाळीस तलवारींची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी ड्रिल माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "अब पीळ भी तूच दे. मैं लकड़ी देखता." पीळ हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता.

त्याच आठवड्यात भावाचं कार्ड आलं. आबांना गोठ्यात बैलानं ओढलं, ते पडले, खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याला नेऊन आणलं, आता खाटेवर आहेत. खाली लिहिलं होतं, तुझी आठवण काढतात, जमलं तर ये.

ते "जमलं तर" मी कितीदा वाचलं असेल. भाऊ असा लिहिणाऱ्यातला नव्हता. त्याला ये म्हणायचं असतं तर त्यानं ये असंच लिहिलं असतं. मी कार्ड पोलक्यात ठेवलं आणि घामानं शाई पुसायला लागली म्हणून परत काढलं. उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "माल जाने दे, उसी दिन निकल. जित्ते दिन होना, उत्ते दिन रह." यापेक्षा जास्त काय देणार माणूस? पोलीस अकादमीची परेड ठरलेली, आणि मुठी करणारी मी एकटीच.

म्हणून मी भराभर कामाला लागले. उजवी तार झाली. मग डाव्या तारेसाठी खिळ्याला टोक अडकवलं, ड्रिलचा दांडा धरला आणि मागं फिरवायला हात उचलेना.

आमच्याकडं उलट्या पिळाची सुतळी एकाच कामाला वळतात. तिरडी बांधायला. गावात कुणी गेलं की आबांकडं माणूस यायचा, आबा ओसरीवर बसून उलटा पीळ द्यायचे. त्या वेळी मला ढेऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तू आत जा माय," एवढंच म्हणायचे. मी दाराच्या फटीतून बघायची, ढेरा उलट्या बाजूनं फिरताना. एरवी खेळता खेळता मी ढेरा उलटा फिरवला तर माझ्या पाठीत धपाटा बसायचा. आजवर मला आबांनी मारलं असेल तर तेवढ्याचसाठी.

आणि आता ते खाटेवर होते आणि मी शेकडो मैल लांब उलटी तार वळायला बसले होते.

खोटं कशाला सांगू, मी विचार असा फार केला नाही. हातानंच ठरवलं. दांडा पुढं फिरवला. दोन्ही बारीक तारा सुलट्या पिळाच्या केल्या. चाळीस मुठींना तशाच गुंडाळल्या. मनाला म्हटलं, कोण बघतंय, तार तर चमकतेय, साहेब ती मुठीत धरणार आणि सगळं झाकलं जाणार. उस्तादांनी एकेक मूठ हातात घेऊन खाली ठेवली. त्यांचा अंगठा फिरला असता तर त्यांना नक्की कळलं असतं. पण त्यांनी अंगठा फिरवलाच नाही. काम माझं होतं म्हणून.

तपासनीस साहेब सकाळी आले. सौम्य माणूस, हातात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा मोजमापाचा डबा. टेबलावर नमुना उघडला. एकेक पातं फळीला टेकवून वाकवलं, सोडलं, परत सरळ होतं का ते बघितलं. वजन झालं. मग त्यांनी पहिली तलवार मुठीत धरली, सहज अंगठा फिरवला, आणि थांबले. नमुन्यावर अंगठा फिरवला. परत आमच्या मुठीवर. मग दुसरी उचलली, तिसरी.

"उस्तादजी," ते म्हणाले, "ये तो एक तरफ का है."

"कित्ते?"

"सब."

ओरडले नाहीत. म्हणाले, परेडला नऊ दिवस आहेत, आठव्या दिवशी मी परत येतो. डबा रुमालात बांधला आणि चहा न घेता गेले.

उस्तादांनी एक तलवार उचलली, दारात उजेडाला नेली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. अक्का म्यान शिवायची थांबली होती. ती माझ्याकडं बघत होती, मी जमिनीकडं.

"बेटी," ते म्हणाले, "ड्रिल उल्टा फिराना भूल गई?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मला त्यांच्यासमोर ते जमलं नाही. ज्या माणसानं मला इंच आणि सूत शिकवलं, जो सगळ्यांसमोर मला कारीगर म्हणायचा, त्याला कसं फसवू?

"नहीं चाचा. जान के किया," मी म्हणाले. आणि तिरडीचं सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वो चालीस बच्चों के वास्ते डर गई?"

मला हो म्हणावंसं वाटलं. त्या चाळीस तरुण साहेबांच्या हातात अशुभ जाऊ नये म्हणून केलं, असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. "नहीं," मी म्हणाले. "आबांसाठी."

"हौ," ते म्हणाले. "मुझे बोलना था."

"आप भी तो नहीं बोले," अक्का मधेच म्हणाली. "आंखां का."

मला वाटलं, आता दोघींचंही काम गेलं. पण उस्ताद हसले, कसंनुसं. "ये भी सही," म्हणाले. मग त्यांनी ड्रिल माझ्यापुढून उचललं. "उल्टा मैं करता, सीधा तू कर. तेरे हाथ से नक्को."

एकदा गुंडाळलेली तार परत वापरता येत नाही, तिला वाक पडतो. उस्तादांच्या मुलाला पत्थरगट्टीच्या बाजारात पाठवून नवी तार आणली. अक्का आणि मी चाळीस मुठी उसवायला बसलो. तिकडं उस्ताद उलटा पीळ देत होते. चष्म्यावर चष्मा लावून. त्यांना तार दिसत नव्हती, आणि नुसत्या हातावर जमेल असं ते काम नव्हतं. पीळ कुठं घट्ट, कुठं सैल. मधेच तार तुटायची आणि ते नवं टोक अडकवायचे. मी ती गुंडाळायला घेतली की अंगठ्याखाली खडे लागायचे. दोन दिवसांत पाच मुठी झाल्या आणि त्यातल्या तीन त्यांनी स्वतःच बाजूला काढल्या. दुपारी ते पेरूखाली नुसते बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून. माझ्या एका भीतीपायी मी त्या माणसाला त्याचे डोळे गेलेत हे सगळ्यांदेखत दाखवून दिलं होतं.

आमच्या गावात फोन एकच, दूध डेअरीत. सकाळी दूध घालायला भाऊ तिथं यायचा. माल नापास झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या बूथमधून लावला होता. ठरलेल्या दिवशी येणं व्हायचं नाही असं सांगायला.

"आबा दाराकडं बघत्यात," भाऊ म्हणाला. "काय झालं आता तुझं?"

मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू तिथं तलवारी करती का तिरड्या बांधती?"

"चेष्टा करू नको रे."

"आगं रडू नको. इचारतो त्यांना. परवा लाव."

दोन दिवसांनी परत लावला. मागं दुधाच्या कॅनचा खणखणाट होता.

"इचारलं," भाऊ म्हणाला. "हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले बघ. म्हणले, तिला म्हणावं, दोराचा पेड कुण्या अंगानं वळत होती गं तू?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणले, पेड डावीकडं वळायचा आन तिन्ही पेड मिळून उजवीकडं. पेडाला उलटा पीळ नसला तर दोर धरतच न्हाई, सोडला की उसवतो. सात वर्षं ती पोरगी माझ्यापाशी डाव्या अंगानं पेड वळत होती, तेव्हा कोण मेलं?"

"मग तिरडीची सुतळी?"

"ते बी इचारलं मी. म्हणले, ती खूण हाय. नंतर कुणी चुकून उचलून गाईच्या गळ्यात बांधू नये म्हनून उलटी वळायची. पिळात काय नसतं म्हणले. अन् हे बी म्हणले, लवकर ये."

मी रिसीव्हर धरून उभीच राहिले, बूथवाल्यानं काचेवर टकटक केली तेव्हा ठेवला. बाहेर येऊन मी रस्त्यात हात पुढं धरले आणि हवेत ढेरा फिरवून बघितला. माणसं बघत होती, बघू देत. पेड वळताना डावीकडं. खरंच डावीकडं. माझ्या हातांनी हे हजारदा केलं होतं आणि मला कधी ते उलटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा आबा समोर बसलेले असायचे.

शेडमध्ये गेले तर उस्ताद ड्रिलवर वाकले होते. मी म्हणाले, "चाचा, उठा."

"क्यूं?"

"उल्टा मैं करती."

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा त्यांना नीट दिसला नसेल, पण आवाज ऐकला. "अब्बा मान गए?"

"हंसे," मी म्हणाले.

ते उठले, स्टूल माझ्याकडं सरकवलं, आणि हात धुवायला नळाकडं गेले. बराच वेळ हात धूत होते.

पुढचे पाच दिवस मी मान वर केली नाही. अक्कानं म्यानं बाजूला ठेवून तारेची टोकं धरली. ती गाणी म्हणायची, मधेच मला भात भरवायची, माझे हात मोकळे नव्हते म्हणून. पहिली मूठ गुंडाळताना माझा हात एकदा थरथरला, तिसऱ्या वेढ्याला. मी थांबले, श्वास घेतला, पुढं गेले. त्या मुठीचं लाकूड नंतर परज बसवताना तडकलं, ती बाद झाली. तिच्या जागी उस्तादांनी नवं लाकूड घडवलं, आणि चाळीस पुऱ्या झाल्या.

तपासनीस साहेबांनी अंगठा फिरवला, बाजूला ठेवली. दुसरी, बाजूला. चाळीसही तलवारी त्यांनी अर्ध्या तासात संपवल्या. त्यांनी एकदा तरी थांबावं असं मला वाटत होतं. चांगल्या कामावर कुणाचा अंगठा थांबत नाही.

त्याच दिवशी निघाले. उस्तादांनी ती तडकलेली मूठ कागदात गुंडाळून दिली. "अब्बा को दिखा," म्हणाले. "बोल, उल्टा-सीधा दोनों हैं."

घरी पोचले तेव्हा आबा खरंच दाराकडं तोंड करून पडले होते. खाट त्यांनी तशी वळवून घेतली होती. फार वाळले होते. मी पायाशी बसले आणि मूठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांनी बघितलीच नाही. छपराकडं बघत अंगठा फिरवत राहिले, वरून खाली, खालून वर.

"कोण धरतो ही?"

"मोठे साहेब. पोलिसातले."

"लोकांना दिसती का?"

"नाही. हातात झाकून जाते."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचा अंगठा एका जागी थांबला. "हितं दचकला तुझा हात."

तिसरा वेढा होता.

मी पंधरा दिवस राहिले. त्यांना उचलून बसवायची, भाकरी कुस्करून द्यायची. संध्याकाळी ते वाख मागायचे, खाटेवरून पुरवायचे, आणि मी खाली बसून ढेरा फिरवायची, पेड डावीकडं, दोर उजवीकडं. अंबाडीचा तो घाण वास मी पोटभर घेतला. मग कामाची, घराची चिंता लागली आणि परत आले. आजही कधी वाटतं, आणखी दोन दिवस राहिले असते तर काय बिघडलं असतं? उस्ताद काही म्हणाले नसते. पण तेव्हा मला सगळ्याचीच भीती होती. गावात असले की अंबरपेठेची, अंबरपेठेत असले की गावाची.

आबा वर्षभरानं काठी टेकत चालायला लागले. भावानं कार्डात लिहिलं, तुझी मूठ त्यांनी सुताराकडून काठीला बसवून घेतली, गावात मिरवतात, कुणाच्या हातात देत नाहीत. उस्तादांना मी ते वाचून दाखवलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. म्हणाले, "चलो, एक तो रोज़ पहनता."

शेड फार दिवस टिकली नाही. ऑर्डरी दूरच्या मोठ्या कारखान्याकडं जायला लागल्या. त्यांची मूठ साच्यातून एकसंध निघते म्हणे, तारेसकट. तिथं कुणाला पीळ द्यावा लागत नाही. उस्तादांच्या मुलानं शेडच्या जागी केबलचं ऑफिस काढलं. पेरू राहिला. अक्काकडं टीव्ही होता, परेड दाखवली की आम्ही दोघी बघायला बसायचो. तलवारी वर जायच्या, खाली यायच्या. अक्का म्हणायची, "वो तेरा है." मी म्हणायची, नाही, ते म्यान तुझं आहे. मूठ काही दिसायची नाही.

आबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओसरीवर सुतळीचा उरलेला तुकडा पडला होता. मी तो उचलला. उलटा पीळ. भावानं वळला होता, आणि चांगला वळला होता, एकसारखा. मी तो परत तिथंच ठेवला.

काठी भावानं मला दिली. ती इथं आहे, दाराच्या मागं. रोजच्या हातानं तार झिजली आहे. अंगठ्याखाली ती इतकी सपाट झाली आहे की कुठला पीळ डावा, कुठला उजवा, ते आता कळत नाही. तिसऱ्या वेढ्यावरचा तो दचका मात्र अजून लागतो, बोटाला. नवी तार बसवावी म्हणून मी एक-दोनदा चिमटा घेऊन बसले. माझ्या पेटीत थोडी तार उरलेली आहे, दोन्ही पिळांची. पण अंगठा त्या सपाट जागेवर गेला की चिमटा परत ठेवते.